आई माळकरी, बाबा तांबडा-पांढरावाले: ‘इन ॲट लिटल वॉशिंग्टन’ला न्यावं का?

बावडेकरीण

नमस्कार मंडळी. मी नॉर्दर्न व्हर्जिनियात, ॲशबर्नला राहते. आई-बाबा कोल्हापूरहून आलेत आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. मृगाच्या आत उरकायचं म्हणून आजोबांनी मिळेल ती तारीख धरली होती, लग्नात फोटोवालासुद्धा नव्हता, ही कथा बाबा दरवर्षी त्याच उत्साहाने सांगतात. तेव्हा यंदा जरा थाटात काहीतरी करावं असं आमच्या दोघांच्या मनात आहे.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका बाईंनी ‘द इन ॲट लिटल वॉशिंग्टन’ सुचवलं. शेनांडोआच्या डोंगरांच्या पायथ्याशी वॉशिंग्टन नावाच्याच एका खेड्यातलं (राजधानी डीसी नव्हे) हॉटेल, मिशेलिन गाइड उत्तम रेस्टॉरंटांना देतं ते तारे वगैरे. वेबसाइट बघून मी हरखले आणि लगेच घाबरले.

अडचणी अशा. आई माळकरी आहे. मांस-मासे सोडाच, अंड्याचा केकही चालत नाही. बाबा मटणाचे भोक्ते, पण गाय-डुक्कर नाही. आईला इंग्रजी समजतं पण बोलायची लाज वाटते, आणि ‘माझ्या एकटीसाठी सगळ्यांची तारांबळ नको’ म्हणून ती कुठेही गेली की नुसती सॅलडची पानं चघळत बसते. बाबांचा गुडघा. आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे बिल. बाबांनी जन्मभर पाटबंधारे खात्यात अंदाजपत्रकं केली. समोर आकडा दिसला की ते मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करतात आणि मग घास उतरत नाही.

कुणी आपल्या माणसांना घेऊन गेलंय का तिथे? खरंच त्या लायकीचं आहे की नुसतं नाव? साडी विचित्र दिसेल का? आगाऊ धन्यवाद.

खर्डाभाकरी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माणशी ३०० डॉलरच्या वर जातं तिथे, वाईन वेगळी. चौघांचं टॅक्स-टिपसकट सोळाशेच्या वरच समजा. रुपयांत लाखाच्या पुढे. तेवढ्यात आई-बाबांना ॲमट्रॅकच्या रेल्वेने न्यूयॉर्क दाखवून आणाल, राहण्याखाण्यासकट. आणि घरी येऊन आईच वरणभात लावणार, कारण कुणाचं पोट भरलेलं नसणार. ‘फाईन डायनिंग’मधे मोठ्या बशीत छोटं काहीतरी असतं, त्याला आपण टाळ्या वाजवायच्या.

नदीकाठची

अगं, मी कल्पेपरला राहते, म्हणजे त्या गावापासून अर्ध्या-पाऊण तासावर. घरचे पाहुणे, लेकीचं ग्रॅज्युएशन अशा निमित्ताने जाणं झालंय, आणि एकदा सासूबाईंना घेऊन. त्या अंडं खात नाहीत, म्हणून तुझा प्रश्न वाचून लिहायला बसले. लांबलंय, चहा घेऊन वाच.

आधी खर्डाभाकरींना. पोट भरायला जायचं असेल तर जाऊच नये हे बरोबर. पण ते नाटक आहे. कौतुकाने म्हणतेय. आपण बालगंधर्वला नाटक बघायला जातो तेव्हा ‘एवढ्या तिकिटात किती वडे आले असते’ असा हिशेब करत नाही.

आणि नाटक हे मी माझ्या पदरचं म्हणत नाही. हे हॉटेल चालवणारे पॅट्रिक ओ’कॉनेल कॉलेजात नाट्यशास्त्रच शिकले. स्वयंपाकाच्या शाळेत कधी गेले नाहीत, पुस्तकं वाचून शिकले. आधी ते आणि त्यांचे तेव्हाचे जोडीदार रेनहार्ट लिंच डोंगरातल्या एका शेतघरात राहून लाकडाच्या चुलीवर आणि एका इलेक्ट्रिक तव्यावर लोकांच्या पार्ट्यांचं जेवण करून द्यायचे. १९७८ साली त्यांनी या गावातलं जुनं गॅरेज भाड्याने घेऊन रेस्टॉरंट काढलं. होय, गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. तुझ्या बाबांना हे जाताना गाडीत सांग, त्यांचा निम्मा संकोच तिथेच गळेल. गावात तेव्हाही चार गल्ल्या होत्या आणि आताही तेवढ्याच. २०२० च्या जनगणनेत वस्ती शंभराच्या आत भरली. १७४९ मधे सतरा वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनने साखळी धरून या गावाची मोजणी केली असं गाव अभिमानाने सांगतं. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला मोजणीची गोष्ट आवडणार नाही असं होणारच नाही.

सजावट लंडनच्या एका नेपथ्यकार बाईंनी केलीय, जॉयस एव्हान्स. आत शिरलं की रेशमी झालरीचे दिवे टेबलांवर इतके खाली टांगलेले की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर गुलाबी उजेड पडतो. भिंती, छत, गालिचे, एक इंच मोकळा सोडलेला नाही. मला विचारशील तर जरा अतीच आहे, मला मोकळी भिंत आवडते. सासूबाईंना मात्र थेट जुन्या संस्थानातल्या वाड्यात आल्यासारखं वाटलं. तुम्ही कोल्हापूरची माणसं, नवा राजवाडा बघून वाढलेली, तुम्हाला परकं वाटायचं कारण नाही. साडीचं तर विचारूच नकोस. काठपदराची नेसू दे, असेल तर इरकल. त्या उजेडात जरीकाठ असा उठून दिसतो की शेजारच्या टेबलावरच्या बाई उठून बघायला आल्या होत्या.

आता जेवण. ठरलेले मेनू असतात, एकेक कोर्स येत राहतो. त्यात एक मेनू संपूर्ण शाकाहारी, ‘द गुड अर्थ’ नावाचा. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण मोठ्या नावाच्या बऱ्याच जागी शाकाहारी म्हणजे मांसाच्या ताटातून मांस काढलं की उरतं ते. एका ठिकाणी, नाव घेत नाही, पश्चिम किनाऱ्यावर, आम्हाला लागोपाठ दोन कोर्स उकडलेलं गाजर आलं होतं. इथे भाजीचा मेनू भाजीसाठीच रचलेला असतो. बीट हा प्रकार मला जन्मात आवडला नव्हता, तो तिथे आवडला. जूनच्या तोंडावर इकडच्या डोंगरातलं वसंतातलं पीक असतं: शतावरीचे कोंब, कोवळे मटार, नशीब असलं तर मोरेल अळंबी. आई अळंबी खाते का ते आधी विचारून ठेव. आमच्या आत्या ‘उकिरड्यावर उगवतं ते’ म्हणून तोंडात घालत नसत.

सुरुवातीला पॉपकॉर्न आले, वर ट्रफल नावाची महागडी अळंबी किसलेली. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “एवढ्या लांब आणून लाह्याच का गं?” वाढणाऱ्या मुलाला मी हे इंग्रजीत सांगितलं तर तो इतका खळखळून हसला की पुढचे तीन तास तो आमच्या घरचाच झाला.

त्या हसण्यामागे एक पद्धत आहे बरं का. त्यांच्याकडे पाहुणे बसले की वाढणारा माणूस टेबलाच्या मनःस्थितीला दहापैकी गुण देतो आणि तो आकडा स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. चेहरे पडलेले असतील तर पाच, भांडून आले असतील तर तीन. टेबल उठेपर्यंत नऊच्या खाली राहता कामा नये असा दंडक. तुझ्या आईसारखी ‘माझं काही नाही, तुम्ही खा’ म्हणणारी बाई दिसली की त्यांना चेवच येणार. तिने इंग्रजी बोललंच पाहिजे असं नाही. आमच्या सासूबाई पूर्ण वेळ मराठीत बोलल्या आणि त्यांना सगळं समजत असल्यासारखे ते मान डोलवत होते.

चीजच्या वेळी गाय येते. खरी नव्हे, चाकांवरची, पाठीवर चीज मांडलेली, आणि हंबरते. ज्यांना हा पोरकटपणा वाटतो त्यांना वाटो, मला तो गंभीर चेहऱ्याने बसलेल्या लोकांना पाडून टाकायचा नामी उपाय वाटतो. करोनात, २०२० मधे निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी होती, तेव्हा यांनी रिकाम्या टेबलांवर ४० च्या दशकातले कपडे घातलेले पुतळे बसवले होते आणि वाढपी त्यांनाही वाईन ओतायचे. आर्लिंग्टनच्या एका नाटक कंपनीने कपडेपट पुरवला होता. म्हणजे गाय ही त्या मानाने काहीच नाही.

स्वयंपाकघर बघायचंय असं आधीच सांगून ठेव. विंडसर कॅसलच्या दूधघरावरून ते घडवलंय, आत संथ चर्चची स्तोत्रं लागलेली आणि आचाऱ्यांच्या विजारी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या, मालकांच्या डाल्मेशियन कुत्र्यांवरून. आरडाओरडा शून्य. सासूबाईंनी सगळ्यात जास्त वेळ तिथे काढला. ओट्याला डाग कसा नाही, पाणी कुठे सांडत कसं नाही, हे त्या परत येताना वॉरेंटनपर्यंत बोलत होत्या. चाळीस वर्षं ज्यांनी स्वयंपाकघर चालवलं त्या बाईला पदार्थापेक्षा हे जास्त कळतं.

ताऱ्यांचं म्हणशील तर २०१६ मधे मिशेलिनची डीसीची पहिली यादी आली तेव्हा दोन मिळाले होते, २०१८ मधे तिसरा जाहीर झाला. तारे वर-खाली होत राहतात, मी त्यावर जात नाही. तूही जाऊ नकोस.

वेळ सहाच्या आसपासची घे. जूनमधे साडेआठपर्यंत उजेड असतो, म्हणजे आधी गावात पाय मोकळे करता येतात, बाग बघता येते. रिझर्व्हेशन करण्याआधी कालनिर्णय उघड. त्या दिवसांत निर्जला एकादशी येऊ शकते, आणि त्या दिवशी माळकरी बाईला तिथे नेऊन बसवलंस तर ओ’कॉनेलही काही करू शकणार नाहीत.

बावडेकरीण

ताई, किती किती धन्यवाद. गॅरेजची गोष्ट बाबांना आत्ताच सांगितली (हॉटेलचं नाव न घेता), ते म्हणाले “माणूस हिंमतीचा दिसतोय.”

एकादशीचं डोक्यातच आलं नसतं! पाहिलं आणि दोन दिवस पुढचा गुरुवार धरला.

आता दोन शंका. एक, चीज. आईला पनीर, आणि पिझ्झ्यावरचं चालतं, पण ती विचारते “त्यात काय घालतात ते तुला माहितेय का?” मला माहीत नव्हतं. दोन, ‘व्हेजिटेरियन’ एवढं लिहून पुरेसं आहे का? इथे लोक व्हेजिटेरियन म्हणतात आणि ऑम्लेट देतात.

मागचा_ओटा

मी शिकागोच्या एका हॉटेलात किचनमधे काम करतो (तुम्ही विचारताय त्या हॉटेलशी संबंध नाही). आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

‘व्हेजिटेरियन’ शब्दावर थांबू नका. इथे त्यात अंडं धरलेलं असतं, भारतातल्या हिरव्या ठिपक्यासारखं नाही. आम्हाला सगळ्यात सोपं पडतं ते असं: “व्हीगन समजून बनवा, फक्त दूध, लोणी, तूप, दही, साय चालेल.” एका ओळीत काम होतं. कारण अंडं उघड कमी आणि लपून जास्त असतं. ब्रिओश पावात असतं, साध्या पावावर चकाकीसाठी फासलेलं असतं, ताज्या पास्त्यात, मेयोनीजमधे, हॉलंडेजमधे, आइस्क्रीमच्या कस्टर्डमधे पिवळा बलक, माकारोनमधे पांढरा. पेस्ट्रीचं माणूस वेगळं असतं आणि त्याचं काम आदल्या दिवशीच सुरू होतं, त्यामुळे टेबलावर बसून सांगितलंत तर गोड म्हणून फळं कापून येतील. आठवडाभर आधी ई-मेल करा आणि दोन दिवस आधी फोन करून खातरी करा.

अंड्याशिवाय आणखी तीन गोष्टी नावानिशी लिहा. पहिली जिलेटिन, म्हणजे हाडा-कातड्याचं. पाना कोटा, मूस, मार्शमेलो यांत बहुधा तेच. दुसरी स्टॉक. भाजीच्या सूपमधे कोंबडीचा स्टॉक घालणारे आचारी मी पाहिलेत, मोठ्या ठिकाणी सहसा होत नाही पण लिहायला काय जातं. तिसरी वूस्टरशायर सॉस, त्यात अँकोव्ही मासा असतो.

चीजबद्दल तुमच्या आईंची शंका अगदी रास्त आहे. दूध फाडायला रेनेट वापरतात, आणि ते मुळात वासराच्या जठरातून काढतात. आपलं पनीर लिंबाने किंवा व्हिनेगरने फाटतं, त्याला हे लागत नाही. इटलीचं खरं पार्मेजान आणि स्वित्झर्लंडचं ग्रुयेर यांच्या नियमातच वासराचं रेनेट आहे, म्हणजे ती दोन तर गेलीच. अमेरिकेत बनणारं बरंच चीज मात्र सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं आणि काही ठिकाणी वनस्पतींचं. चीजची गाडी सांभाळणाऱ्या माणसाला प्रत्येक चीजची कुंडली पाठ असते, त्याला फक्त “नो ॲनिमल रेनेट” म्हणा. ते लोक या प्रश्नाने वैतागत नाहीत, खुश होतात. दिवसभर त्यांना कुणी काही विचारतच नाही.

बाबांसाठी “नो बीफ, नो पोर्क” लिहाच, पण बेकन आणि हॅम वेगळं लिहा. अनेकांच्या डोक्यात बेकन हा मसाला आहे. शिवाय ‘डेमी-ग्लास’ नावाचा जो काळसर रस्सा मटणावर ओततात तो बहुतेक वेळा वासराच्या हाडांचा असतो. कोकरू मागवलं म्हणजे रस्साही कोकराचा असेल असं नाही.

बिलाचं म्हणाल तर रोजचंच आहे आम्हाला. आधीच कार्ड देऊन ठेवायचं, टिपसकट सांगून टाकायचं, बिल टेबलावर आणू नका म्हणायचं. जेवण झालं की नुसतं उठायचं. आणि बाबांच्या हातात दर नसलेला मेनू द्यायला सांगा. तशी विनंती बरेच लोक करतात.

खर्डाभाकरी

डेमी-ग्लासचं माहीत नव्हतं. वीस वर्षं झाली इथे, बीफ खात नाही म्हणून छाती फुगवून सांगत होतो. आता काय काय पोटात गेलं असेल कोण जाणे.

बाकी मत तेच आहे, पण गायीचा व्हिडिओ टाका.

टेम्सकर

थोडं अवांतर, पण उपयोगी पडेल. आम्ही इंग्लंडात आई-बाबांना ऑक्सफर्डजवळ ग्रेट मिल्टन गावातल्या ‘ल मन्वार ओ कॅट सेझाँ’ला नेलं होतं. रेमंड ब्लांक यांनी १९८४ मधे काढलेलं, जुन्या दगडी घरातलं. माझा अनुभव एवढाच की जेवणाआधी त्यांना तासभर भाजीबागेत सोडलं ते फार बरं झालं. बाबांनी वाफे मोजले, आईने कोथिंबीर कशी लावलीय ते पाहिलं, आणि आत आल्यावर ताटातल्या प्रत्येक पानाकडे ‘हे मघाशी पाहिलं ते’ म्हणून बोट दाखवलं. थेट टेबलावर नेऊन बसवलं असतं तर दोघं आखडून बसले असते. तुम्हीही लवकर पोचा.

गुडघ्यासाठी: कोचासारखी खोल बैठक नको, सरळ पाठीची खुर्ची हवी असं सांगा. दोन कोर्सच्या मधे पाय मोकळे करायला कुणी अडवत नाही.

नदीकाठची

टेम्सकरांना अनुमोदन. आणि ओट्यावाल्या दादांचा प्रतिसाद मी छापून फ्रीजवर लावतेय.

बावडेकरीण, शेवटचं, रस्त्याचं. हायवे ६६ ने गेन्सव्हिल, तिथून २९ ने वॉरेंटन, मग २११ धरून सरळ. ॲशबर्नहून सव्वा ते दीड तास, पण गुरुवारी संध्याकाळी ६६ वर ऑफिस सुटलेली गर्दी असते, त्यामुळे तीनलाच नीघ. लवकर पोचलात तर पुढे स्पेरीव्हिलपर्यंत जा, दहा मिनिटं आहे. आणि हॉटेलचं जमलंच नाही, तारीख मिळाली नाही किंवा बाबांना आकडा कळलाच, तर चौकातच त्यांचं ‘पॅटी ओज’ नावाचं साधं कॅफे आहे, जुन्या पेट्रोलपंपाच्या जागेत. तिथे बर्गर-सूप असलं जेवण, आणि गाव बघायचं ते बघून होतंच.

रात्री परतताना २११ वर हरणं येतात, एक दिसलं की मागे दुसरं आहेच असं धरून चालव. मधे फोनला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेव. आणि आईंसाठी डब्यात दोन धपाटी टाक. लागणार नाहीत, पण पर्समधे आहेत म्हटल्यावर त्या निर्धास्त बसतील.

बावडेकरीण

चौघांचं गुरुवारी सहाचं मिळालं. ई-मेलमधे दादांनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लिहिलं, बेकनसकट. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्यात त्यांनीच विचारलंय की आईंना कांदा-लसूण चालतो का. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “चातुर्मास लागला नाही अजून, सांग चालतो म्हणून.” आणि मग दहा मिनिटांनी कपाटातून इरकल काढून इस्त्रीला टाकली.

बाबांना अजून आकडा कळलेला नाही. व्हिडिओ टाकते, खर्डाभाकरी.